चकती दिसली पाहिजे

अमेरिकेतील प्रसारणाचे नियमन करणाऱ्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनच्या, म्हणजे एफसीसीच्या, माध्यम विभागाने २२ सप्टेंबर २०११ रोजी दोन तक्रारींवर निकाल दिला. एक तक्रार न्यूयॉर्क परिसरातील व्हेरायझनची होती आणि दुसरी कनेटिकट राज्यातील एटी अँड टीची. घरोघरी टीव्हीही पुरवणाऱ्या या दोन्ही दूरध्वनी कंपन्यांच्या ग्राहकांना एमएसजी (मॅडिसन स्क्वेअर गार्डन) आणि एमएसजी प्लस या स्थानिक क्रीडावाहिन्या मिळत होत्या. बास्केटबॉलमधील निक्स, आइस हॉकीतील रेंजर्स, आयलंडर्स आणि डेव्हिल्स या संघांचे सामने त्यांवर दिसत होते. फक्त ते जुन्या, साध्या चित्रात दिसत होते. याच वाहिन्यांचे हाय-डेफिनिशन, म्हणजे एचडी, प्रक्षेपण या दोन कंपन्यांना द्यायला वाहिन्यांचे मालक तयार नव्हते. या वाहिन्या आणि त्या भागातील मोठी केबल कंपनी केबलव्हिजन या दोहोंवर एकाच डोलन कुटुंबाचे नियंत्रण होते, आणि एचडी हवे असेल त्याने केबलव्हिजनकडे यावे असा या नकाराचा सरळ अर्थ होता. एफसीसीने सांगितले की एचडी प्रक्षेपणही द्यावे लागेल.

सामना तर दिसत होता, मग तक्रार कशाची, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला आणि आजही विचारला जातो. चित्र थोडे कमी रेखीव असणे ही सार्वजनिक चिंतेची बाब कशी होऊ शकते? चांगला टीव्ही, चांगले चित्र ही ज्याच्या-त्याच्या ऐपतीची आणि आवडीची गोष्ट आहे, त्यात सरकारी आयोगाने पडण्याचे कारण काय? मला हा निकाल योग्य वाटतो. इतकेच नव्हे, तर ज्या तत्त्वावर तो उभा आहे ते तत्त्व निकाल जिथे थांबला त्याच्या बरेच पुढे न्यायला हवे असे माझे मत आहे. एका शहराचा खेळ दाखवण्याचा एकमेव हक्क ज्याच्याकडे आहे, त्याने त्या शहरातील प्रत्येक वाहकाला, म्हणजे वाहिन्या घरोघरी पोचवणाऱ्या प्रत्येक कंपनीला, तोच खेळ त्याच दर्जाच्या चित्रात, रास्त अटींवर दिलाच पाहिजे.

या मतापर्यंत मी कायद्याच्या वाटेने पोचलो नाही. २००६ च्या हिवाळ्यात माझे वडील, अण्णा, सांगलीहून पहिल्यांदा न्यू जर्सीला आमच्याकडे आले. बाहेर बर्फ, घरात दिवसभर बसून राहणे आणि संध्याकाळी टीव्हीवर डेव्हिल्सचा आइस हॉकीचा, म्हणजे चेंडूऐवजी चकतीने खेळायचा, सामना. अण्णांना खेळ कोणताही चालतो. ते चष्मा पुसून समोर बसले आणि पाचच मिनिटांत म्हणाले, "अरे, चकती कुठाय? मला तर नुसती पोरं एकमेकांवर आदळताना दिसतायत." मी त्यांना नियम समजावू लागलो, निळ्या रेषा दाखवल्या, गोलरक्षक दाखवला; पण त्यांची अडचण नियमांची नव्हतीच. चकती खरोखरच दिसत नव्हती. मला ती दिसते असे मला वाटत होते, कारण खेळाडूंच्या हालचालींवरून ती कुठे असेल हे मी सवयीने ओळखत होतो. अण्णा पुन्हा आले ते २००९ च्या हिवाळ्यात. तेव्हा एका मित्राच्या घरी आम्ही सामना एचडीवर पाहिला. या वेळी त्यांनी मला काहीच विचारले नाही. दुसऱ्या सत्रात गोलपुढे पाच-सहा जणांची झुंबड उडाली असताना समालोचकाच्या आणि माझ्याही आधी ते ओरडले, "गेली बघ आत!" गेली होती.

अण्णांची पिढी क्रिकेट रेडिओवर ऐकत वाढली. बाळ ज. पंडितांचे मराठी समालोचन ऐकताना चेंडू दिसत नाही अशी तक्रार त्यांनी कधी केली नसेल, कारण रेडिओ चित्र दाखवण्याचे वचनच देत नाही. तो शब्दांनी चित्र उभे करतो आणि ऐकणारा ते पुरे करतो. दूरचित्रवाणीवरील समालोचक मात्र तुम्हाला दिसते आहे असे गृहीत धरून बोलतो. चेंडू कुठे गेला हे तो सांगत नाही, तो कसा गेला याविषयी बोलतो. त्यामुळे धूसर चित्राच्या प्रेक्षकाला रेडिओची पूर्ती मिळत नाही आणि दूरचित्रवाणीचीही मिळत नाही.

हे केवळ भावनेने म्हणतो आहे असे नाही. त्यामागे साधा हिशेब आहे. आइस हॉकीची चकती ३ इंच व्यासाची असते आणि मैदान २०० फूट लांब. कॅमेऱ्याने त्यातला १०० फुटांचा पट्टा चौकटीत धरला आहे असे समजू. जुन्या, म्हणजे एसडी, चित्रात आडव्या ओळीत ७२० चित्रबिंदू असतात. त्या हिशेबाने चकतीच्या वाट्याला पुरते दोन बिंदूही येत नाहीत. १९२० बिंदूंच्या एचडी चित्रात तिला जवळपास पाच बिंदू मिळतात. दोन बिंदूंची चकती हा पांढऱ्या बर्फावरचा एक डाग असतो आणि प्रसारणात चित्र दाबताना तो सहज पुसला जातो. पाच बिंदूंची चकती ही डोळ्याला पाठलाग करता येईल अशी वस्तू असते. जोरदार फटका ताशी १६० किलोमीटरपर्यंत जातो. त्या वेगात सेकंदाच्या साठाव्या भागात चकती सुमारे अडीच फूट पुढे गेलेली असते. म्हणूनच ईएसपीएन आणि फॉक्स यांनी एचडी स्वीकारताना १०८०आय ऐवजी ७२०पी हे स्वरूप निवडले (हे आकडे चित्रातील ओळींच्या संख्येचे आहेत, एका ओळीतील बिंदूंचे नव्हेत). १०८०आयमध्ये एकूण बिंदू जास्त, पण चित्राच्या विषम आणि सम ओळी आळीपाळीने येतात. ७२०पीमध्ये बिंदू कमी, पण सेकंदाला साठ अखंड चित्रे. वेगवान खेळात यातले अधिक चांगले कोणते यावर प्रसारणाच्या क्षेत्रातील लोक तासन्‌तास वाद घालू शकतात. मात्र या दोहोंपुढे जुने चित्र टिकत नाही, याविषयी त्यांच्यात वाद नाही.

जुन्या चित्रात चकती दिसत नाही ही अडचण वाहिन्यांना फार पूर्वीपासून माहीत होती. फॉक्सने जानेवारी १९९६ मध्ये बॉस्टन येथील ऑल-स्टार सामन्यात चकतीच्या पोटात इलेक्ट्रॉनिक यंत्रणा बसवून पडद्यावर तिच्याभोवती निळसर तेज दाखवायला सुरुवात केली. जोरात फटका बसला की तिच्यामागे लाल शेपूट उमटे. जुन्या प्रेक्षकांना हा प्रकार पोरखेळ वाटला, त्यावर बरीच टीका झाली आणि १९९८ नंतर तो बंद पडला. माझ्या दृष्टीने तो प्रयोग म्हणजे एक प्रामाणिक कबुली होती. ज्या वस्तूभोवती सगळा खेळ फिरतो ती वस्तू आमच्या चित्रात मावत नाही, हे एका मोठ्या वाहिनीने मोठा खर्च करून मान्य केले होते. एचडी आल्यावर त्या तेजाची गरज उरली नाही.

आणखी एक बदल हळूहळू झाला, त्याची दखल फारशी घेतली गेली नाही. सुरुवातीच्या वर्षांत एचडी सामने चित्रित करतानाही कॅमेरामन जुन्या चौकोनी पडद्याचा विचार करीत. महत्त्वाचे ते सगळे मधल्या भागात ठेवीत, धावफलकही आत सरकवलेला असे. रुंद पडदे घरोघरी आले तसे निर्मातेही मोकळे झाले. मांडणी रुंद चौकटीची झाली, धावफलक कडेला गेला, अक्षरे बारीक झाली. मग जुन्या चित्राच्या ग्राहकाला एकतर दोन्ही बाजू कापलेले चित्र मिळू लागले, नाहीतर वर-खाली काळ्या पट्ट्या असलेले आणखी लहान चित्र. म्हणजे एचडी नाकारलेला प्रेक्षक होता तिथेच राहिला असेही म्हणता येत नाही. सामना आता त्याच्यासाठी चित्रित होत नव्हता आणि दर हंगामात त्याला आदल्या हंगामापेक्षा कमी दिसत होते.

इथे अमेरिकेतील प्रादेशिक क्रीडावाहिनी ही काय चीज आहे ते मराठी वाचकासाठी सांगायला हवे. आपल्याकडे प्रादेशिक म्हटले की भाषा आठवते. तिथे प्रदेश म्हणजे शहर आणि त्याभोवतालचा टापू. राष्ट्रीय वाहिन्या मोजके मोठे सामने घेतात. उरलेले, म्हणजे बेसबॉलच्या १६२ सामन्यांच्या हंगामातील बहुतेक आणि बास्केटबॉल व हॉकीच्या ८२-८२ सामन्यांतील बहुतेक, त्या-त्या शहराच्या वाहिनीकडे असतात. न्यू इंग्लंडमधील नेसन १९८४ ची, न्यूयॉर्कमध्ये यांकीज या बेसबॉल संघाचे सामने दाखवणारी येस २००२ ची आणि एमएसजी तर १९६९ पासूनची. प्रत्येक संघाचा टापू त्याच्या लीगने आखून दिलेला असतो आणि त्या टापूत त्या संघाचा सामना दुसरी वाहिनी दाखवू शकत नाही. बातम्यांची वाहिनी आवडली नाही तर दुसरी काढता येते, मालिका आवडली नाही तर दुसरी लिहून घेता येते. रेंजर्सचा सामना दुसरा तयार करता येत नाही. हॉकीप्रेमी माणसाला रेंजर्सऐवजी तितकीच चांगली दुसरी कोणती वाहिनी देतो म्हणणे म्हणजे लेकीच्या लग्नाऐवजी शेजारच्या लग्नाचे आमंत्रण देण्यासारखे आहे.

हे मर्म १९९२ च्या केबल कायद्याला बरेचसे कळले होते. केबल कंपनीच्या मालकीच्या वाहिन्या प्रतिस्पर्ध्यांना, म्हणजे तेव्हा नव्याने येऊ घातलेल्या डिश कंपन्यांना, नाकारता येऊ नयेत अशी तरतूद त्यात होती. परंतु कायद्याच्या शब्दांत उपग्रहाद्वारे वितरित होणाऱ्या वाहिन्यांचा उल्लेख होता. वाहिनीचा सिग्नल उपग्रहावरून केबल कंपनीच्या केंद्रांपर्यंत गेला तर कायदा लागू. तोच सिग्नल जमिनीखालच्या तारेने गेला तर कायद्याच्या बाहेर. देशभर पोचणाऱ्या वाहिनीला उपग्रहाशिवाय गत्यंतर नव्हते, पण एका शहरापुरत्या क्रीडावाहिनीला तार सहज पुरत होती. फिलाडेल्फियात कॉमकास्ट या केबल कंपनीने १९९७ मध्ये सुरू केलेली क्रीडावाहिनी तारेनेच वितरित होई आणि डिश घेतलेल्या घरांना ती मिळत नसे. सॅन दिएगोत कॉक्स या केबल कंपनीच्या वाहिनीवर पाड्रेस या बेसबॉल संघाचे सामने असत. तिथेही तोच प्रकार. याचा परिणाम एफसीसीने नंतर मोजला. एरवी जितक्या घरांनी डिश घेतली असती असा अंदाज होता, त्यापेक्षा फिलाडेल्फियात सुमारे ४० टक्के आणि सॅन दिएगोत सुमारे ३३ टक्के कमी घरांनी ती घेतली होती. एका वाहिनीमुळे, खरे तर तीन-चार संघांच्या सामन्यांमुळे, शहरातील लोक कोणाची तार घरात घ्यायची हे ठरवत होते.

जानेवारी २०१० मध्ये एफसीसीने ही पळवाट बंद केली. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने जून २०११ मध्ये त्या आदेशाचा गाभा मान्य केला. त्याच आदेशात माझ्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाची गोष्ट होती. प्रादेशिक क्रीडावाहिनी नाकारल्याने स्पर्धेला बाधा येते असे गृहीत धरले जाईल, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी नाकारणाऱ्यावर राहील आणि वाहिनीचे एसडी रूप दिले आहे एवढ्यावर एचडी नाकारणाऱ्याची सुटका होणार नाही, असे आयोगाने म्हटले. एमएसजीचा निकाल या पायावर उभा आहे.

वाहिनीच्या बाजूने जे म्हणणे होते ते पोकळ नव्हते. एचडी प्रक्षेपणासाठी नवे कॅमेरे, नव्या प्रक्षेपण-व्हॅन, नवी संकलन यंत्रणा यांवर आम्ही पैसा घातला. त्या बळावर ग्राहक आमच्याकडे यावेत ही स्पर्धाच आहे. आणि समोर उभ्या असलेल्या दोन कंपन्या काही अनाथ बालके नव्हेत, त्या देशातील बलाढ्य दूरध्वनी कंपन्या आहेत. यातला शेवटचा मुद्दा खरा आहे, पण तो प्रेक्षकाला लागू होत नाही. व्हेरायझनची दया येऊन कोणी हा नियम मागितला नव्हता. तार कोणाची घ्यायची याची निवड इंटरनेटचा वेग, दर आणि सेवा पाहून करता यावी, आपल्या संघावरील प्रेम ओलीस ठेवून ती करावी लागू नये, एवढीच मागणी होती. गुंतवणुकीचा मुद्दा तर मला मुळातच लंगडा वाटतो. एचडी सामना स्वतःच्या ग्राहकांसाठी तयार होतच होता. तो आणखी एका वाहकाला देण्याचा खर्च नगण्य, आणि तो फुकट मागितलाही जात नव्हता. जे उत्पादन तयार आहे, ज्याचे पैसे मिळणार आहेत, ते न विकण्यात नफा दिसतो, याचा अर्थ नफा त्या उत्पादनातून येत नसून दुसऱ्याला अडवण्यातून येतो.

आणि हा खेळ केवळ खासगी पैशावर उभा आहे असेही नाही. ज्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या नावाने ती वाहिनी चालते, त्या वास्तूला न्यूयॉर्क राज्याच्या कायद्याने १९८२ पासून मालमत्ता कर माफ आहे. दर वर्षी काही कोटी डॉलर शहराच्या तिजोरीत येत नाहीत. डेव्हिल्स ज्या नेवार्कच्या प्रुडेन्शियल सेंटरमध्ये खेळतात, ते २००७ मध्ये उघडले तेव्हा त्या उभारणीत नेवार्क शहराचे २१ कोटी डॉलर होते. नेवार्क हे श्रीमंतांचे शहर नाही. तिथल्या ज्या घरांच्या शहराने सार्वजनिक पैसा घालून ती इमारत उभी केली, त्यातील अनेकांना तिकीट परवडत नाही आणि सामना टीव्हीवरच पाहावा लागतो. त्या घरांना, तुम्ही अमुक कंपनीची तार घेतली म्हणून तुमच्या वाट्याला धूसर चित्र, असे सांगण्याचा अधिकार कोणाला कसा असू शकतो? इमारत बांधताना हा आपल्या शहराचा संघ असतो. सामना दाखवताना तो खासगी माल होतो. मला या विषयात सर्वांत जास्त चीड आणणारी गोष्ट हीच आहे.

आता माझ्या मतावरचा सर्वांत कठीण आक्षेप. समान दर्जाचे चित्र सर्वांना उपलब्ध करा म्हणणे सोपे, पण कोणत्या दराने? अमेरिकेत क्रीडावाहिनीचा भार पॅकेजमधील प्रत्येक ग्राहकावर पडतो, मग तो खेळ पाहो वा न पाहो. लॉस एंजेलिसमध्ये याचे जे झाले ते डोळ्यांपुढून हलत नाही. टाइम वॉर्नर केबलने डॉजर्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांसाठी २५ वर्षांचा, सुमारे ८३५ कोटी डॉलरचा करार केला आणि २०१४ मध्ये नवी वाहिनी सुरू झाली. वाहिनी सर्वांना देऊ केली होती, एचडीतही देऊ केली होती. नकार कोणालाच नव्हता. पण दरमहा प्रत्येक ग्राहकामागे चार ते पाच डॉलर अशी मागणी असल्याचे तेव्हा छापून आले होते, आणि इतर कंपन्यांनी ती मान्य केली नाही. शहराच्या मोठ्या भागाला वर्षानुवर्षे आपला संघ घरी पाहता आला नाही. १९५० पासून, म्हणजे संघ ब्रुकलिनमध्ये होता तेव्हापासून, डॉजर्सचे समालोचन करणारे व्हिन स्कली २०१६ मध्ये निवृत्त झाले. त्यांचे शेवटचे काही सामने एका खुल्या, मोफत वाहिनीवर दाखवले गेले म्हणून अनेकांना त्यांचा निरोप घेता आला. त्याआधीची दोन-अडीच वर्षे मात्र गेली ती गेलीच. एटी अँड टीशी करार होऊन वाहिनी डायरेक्टीव्ही या डिश सेवेवर आली ती २०२० मध्ये.

या उदाहरणावरून काही जण म्हणतात की उपलब्धतेचा नियम निरुपयोगी आहे. मी त्यातून उलटा निष्कर्ष काढतो. दार उघडे ठेवून उंबरठा छातीएवढा उंच केला तर त्याला दार म्हणत नाहीत. म्हणून नियमात रास्त दराचा लवाद हवा, आणि वाद मिटेपर्यंत प्रक्षेपण चालू ठेवण्याची सक्ती हवी. दराचे भांडण दोन कंपन्यांचे आहे. त्यात अंधारा पडदा प्रेक्षकाच्या घरात का असावा? ज्यांना खेळ नको त्यांच्यावरचा भार हा वेगळा आणि न्याय्य प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर क्रीडावाहिनी पॅकेजमधून वेगळी काढून ज्याला हवी त्याला देणे हे आहे. तशी ती वेगळी निघाली म्हणजे तिचा दर वाढेल हे मी मान्य करतो. तो वाढीव दर मी भरेन. माझ्या शेजारच्या, खेळ कधीही न पाहणाऱ्या आजींनी माझा सामना पोसावा अशी माझी अपेक्षा नाही.

भारतात याच प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहिले गेले, आणि त्यात एका मराठी न्यायमूर्तींचा वाटा आहे. १९९३ च्या हीरो कपच्या प्रक्षेपणावरून बंगालच्या क्रिकेट संघटनेचा आणि सरकारचा वाद झाला. ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निर्णय दिला, तो न्या. पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाचा. प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठीच व्हायला हवा, ही त्या निर्णयातील भूमिका. पुढे २००७ च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचा सिग्नल प्रसार भारतीला देणे हक्कधारकांना बंधनकारक झाले. जाहिरातींचे उत्पन्न हक्कधारक आणि प्रसार भारती यांनी ७५:२५ असे वाटून घ्यायचे. तत्त्व उत्तम आहे. तरीही कितीतरी वर्षे एकाच गावात एका घरी तोच क्रिकेट सामना एचडीत आणि शेजारी मोफत डिशवर साध्या चित्रात पाहिला गेला. दुसरीकडे दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१७ च्या दरआदेशाने एकाच वाहिनीची एचडी आणि एसडी रूपे एका गठ्ठ्यात विकायला बंदी केली. ग्राहकाने एकाच गोष्टीचे दोनदा पैसे भरू नयेत यासाठी ते योग्यच. पण त्याने स्पष्ट चित्र ही वेगळ्या किमतीची वेगळी वस्तू आहे हा समजही पक्का केला. सिग्नल दिला म्हणजे खेळ दिला, असे आपणही धरून चाललो आहोत.

एमएसजीच्या निकालाची मर्यादा मला जाणवते ती पुढच्या घडामोडींमुळे. तो नियम केबल कंपनीच्या मालकीच्या वाहिन्यांपुरता आहे. तारेचा मालक आणि वाहिनीचा मालक एक असेल तरच आयोग विचारणार. २०१२ मध्ये अशा मालकीच्या वाहिन्यांच्या एकमेव हक्काच्या करारांवरची सरसकट बंदीही एफसीसीने संपू दिली. प्रादेशिक क्रीडावाहिन्यांविषयीचे गृहीतक तेवढे शिल्लक ठेवले. २०१९ मध्ये सिंक्लेअर या प्रसारण कंपनीने सुमारे १,००० कोटी डॉलरला २१ प्रादेशिक क्रीडावाहिन्या घेतल्या. सिंक्लेअर केबल कंपनी नव्हती, त्यामुळे देशातील अशा वाहिन्यांचा सर्वांत मोठा समूह या नियमाच्या कक्षेबाहेरच राहिला. मार्च २०२३ मध्ये त्या वाहिन्या चालवणाऱ्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणजे नियम तारेच्या मालकीला बांधलेला राहिला आणि मक्तेदारी मात्र सामन्याच्या हक्कात होती. मालक बदलला की नियम गळून पडतो. मक्तेदारी तशीच राहते.

या पडझडीत एक चांगली गोष्टही घडली. २०२३ मध्ये फिनिक्सच्या सन्स या बास्केटबॉल संघाने क्रीडावाहिनी सोडून आपले स्थानिक सामने खुल्या, मोफत प्रक्षेपणावर आणले. जून २००९ मध्ये अमेरिकेतील मोठी केंद्रे पूर्णपणे डिजिटल झाली आणि या मोफत प्रक्षेपणातून एचडी चित्र येते. एका वाहिनीच्या पट्ट्यात सेकंदाला १९ मेगाबिटांहून थोडे अधिक एवढी जागा असते, आणि ती पाच-सहा उपवाहिन्यांत वाटून टाकली नाही तर खिडकीत ठेवलेल्या साध्या अँटेनावर येणारे चित्र कित्येकदा महिना शंभर डॉलरच्या केबलपेक्षा स्वच्छ असते, कारण केबल कंपन्या तेच चित्र आणखी दाबून पुढे पाठवतात. बर्फावर आणि हिरवळीवर हे दाबणे लगेच कळते. कॅमेरा वेगाने फिरला की सपाट रंगाचे चौकोन चौकोन दिसू लागतात. म्हणून एचडी हे दोन अक्षरी लेबल पुरेसे नाही, नियमात किमान दर्जा आकड्यांत लिहिलेला हवा. वाहिनीने जे चित्र दिले ते वाटेत किती दाबायचे याला मर्यादा हवी.

दुसरीकडे सामने इंटरनेटवर चालले आहेत. अमेरिकेची प्रमुख फुटबॉल (तिथल्या भाषेत सॉकर) लीग २०२३ पासून ॲपलकडे आहे. तिथे सर्वांना चित्र सारखे, पण दार एकच. उद्या एखादा संघ आपले सामने एकाच ॲपला देईल आणि ते ॲप 4के, म्हणजे एचडीहूनही रेखीव, चित्र आपल्याच बनावटीच्या उपकरणावर देऊन बाकीच्यांना खालच्या दर्जावर ठेवेल, तर १९९२ चा कायदा त्याला एक शब्दही विचारू शकत नाही, कारण तिथे केबलही नाही आणि उपग्रहही नाही. २०१० मध्ये जी पळवाट बुजवली ती तार आणि उपग्रह यांच्या फरकातून निघाली होती. ही तिचीच धाकटी बहीण आहे.

म्हणून नियम नव्याने लिहायचा तर त्याची सुरुवात तारेपासून किंवा उपग्रहापासून करू नये, सामन्यापासून करावी. ज्याच्याकडे एखाद्या टापूत एखाद्या संघाचे सामने दाखवण्याचा एकमेव हक्क आहे, तो केबलवाला असो, प्रसारक असो, संघ स्वतः असो की ॲप, त्याने त्या टापूतील प्रत्येक वाहकाला आणि प्रत्येक उपकरणाला स्वतःच्या ग्राहकाला मिळते तेच चित्र द्यावे. करमाफी किंवा सार्वजनिक पैसा घेतलेल्या मैदानावर खेळणाऱ्या संघांनी घरच्या सामन्यांतील काही सामने मोफत प्रक्षेपणावर, पूर्ण दर्जाने दाखवावेत. किती, हे शहराने कराराच्या वेळी ठरवून घ्यावे. नेवार्कने २१ कोटी डॉलर देताना ही अट घातली असती, तर ती त्या करारातील सर्वांत स्वस्त अट ठरली असती.

अण्णा आता ८१ वर्षांचे आहेत आणि सांगलीहून बाहेर पडत नाहीत. मागच्या हिवाळ्यात फोनवर मी त्यांना डेव्हिल्सचा सामना पाहत असल्याचे सांगितले, तेव्हा त्यांनी निकाल विचारला नाही. विचारले, "चकती दिसतीय ना नीट?"